कुसाचं घर, सिंधूची सही

रविराज टेप घेऊन आला तेव्हाच मी ओळखलं. मुलगा आईला भेटायला येतो तेव्हा हातात मिठाईचा पुडा असतो, फार तर औषधाची पिशवी. हा हैदराबादहून आला आणि जेवायच्या आधी भिंती मोजायला लागला.

"काय मोजतोस रे?"

"काही नाही गं आई. एक बिल्डर विचारत होता. नुसतं बघून ठेवतो."

"बघून ठेव. भिंती कुठं पळून चालल्यात."

तो हसला. हसला की बापासारखा दिसतो, आणि तिथंच माझा निम्मा राग उतरतो. हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

आमचं घर नाशिकच्या सातपूरला. खाली गिरणी, मागं स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या. कंपनीतली माणसं पाळीला जाताना दळणाचा डबा ठेवतात आणि सुटली की घेऊन जातात. गिरणी मी सुरू केली, आता चालवते सृष्टी. सृष्टी रविराजची बायको होती. होती म्हणजे, सहा वर्षांपूर्वी कोर्टातून दोघं मोकळे झाले. तो हैदराबादला गेला, तिथं त्यानं दुसरं लग्न केलं. सृष्टी पोरीला, आरोहीला, घेऊन माहेरी निघाली होती. बॅगा दारात. मी म्हटलं, "माझ्या मुलाशी तुझं पटलं नाही, ते मला कळतं. माझं तरी रोज कुठं पटतं? पण दिवाळी तोंडावर आली, भाजणीचे चाळीस डबे पडलेत, ते कोण दळणार?" ती भाजणीपुरती थांबली. ती अजून थांबलेलीच आहे.

गल्लीतल्या बायकांनी मला लय सुनावलं. मुलगा गेला नि सून ठेवली, हे कुठलं शास्त्र? मी त्यांना सांगते, तुमच्या सुना तुमच्या मुलांच्या आहेत. माझी माझी आहे. शिवाय चक्कीचा दगड गुळगुळीत झाला की ती स्वतः त्याला टाकी लावते. तुमच्यापैकी कुणाच्या सुनेला जमतं का सांगा.

तर जेवताना मी रविराजला विचारलं, "घर दिलं बिल्डरला, मग मी कुठं?"

"तू माझ्याकडे. तुझी खोली तयार आहे."

"आणि सृष्टी?"

त्यानं भाकरी मोडली. "ती तिचं बघेल ना. कायद्यानं तिचा आता या घराशी संबंध नाही, आई."

दुष्टपणानं नाही बोलला. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं सांगितलं. पण चक्की तेव्हा बंद होती आणि गिरणीत सृष्टी डबे लावत होती. डब्यांचा आवाज थांबला. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली, नेहमीपेक्षा जरा जास्तच नेहमीसारखी. तेव्हा मी ठरवलं की माझ्यामागं ह्या पोरीला कुणी टेपनं मोजून बाहेर काढायचं नाही.

रविराज गेला. दुसऱ्या दिवशी मी वकिलाकडे. वकील म्हणजे आमच्या गल्लीतला शेखर. त्याच्या आईचं दळण माझ्याकडेच असतं. सृष्टीला मी बरोबर नेलं, कारण वाचायचं म्हटलं की माझी गाडी चौथीच्या पुढं जात नाही.

शेखर म्हणाला, "मावशी, काहीच लिहून ठेवलं नाही तर तुमच्यामागं दोन सारखे हिस्से. एक रविराजदादाचा, एक तुमच्या लेकीचा, रेणुकाताईंचा. सृष्टीवहिनींना काही नाही, आरोहीलाही नाही. मृत्युपत्र केलं तर मात्र तुम्ही म्हणाल तसं. जागा तुमची स्वतःची आहे ना?"

"वडिलांनी घेऊन दिली. माझ्याच नावावर."

"मग प्रश्नच नाही. जागेचा कागद आणि आधार कार्ड द्या."

दिले. त्यानं दोन्ही टेबलावर ठेवले आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागला.

"मावशी, ही कुसा सहादू गांगुर्डे कोण?"

"मीच."

"आणि सिंधुबाई धोंडीराम आहेर?"

"तुला पीठ देते ती."

माझे वडील सहादू मनमाडला रेल्वेत होते. मी एकुलती एक. सातपूरला कारखाने येणार असं त्यांनी कुठंतरी ऐकलं आणि माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ही जागा माझ्या नावानं घेतली. तेव्हा मी कुसा. मग लग्न झालं. लग्नात आमच्यात नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. धोंडीरामनं लिहिलं, सिंधू. त्या दिवसापासून कुसा म्हणून मला हाक मारायला फक्त माझे आईबाप उरले. रेशनकार्ड सिंधूचं, मतदान सिंधूचं, बँक सिंधूची. जागेचा कागद तेवढा कुसाचा राहिला. घरपट्टी कुसाला येते आणि सिंधू भरते. पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही, मग मी कशाला सांगत बसू?

शेखर डोकं खाजवत म्हणाला, "उद्या वहिनी हा कागद घेऊन नाव लावायला गेल्या, तर तिथला माणूस म्हणणार, घर कुसाबाईंचं, दिलं सिंधुबाईंनी. कसं काय?"

"म्हणजे माझंच घर मी चोरून दिलं?"

"कागदावर तसंच दिसतंय."

मग तो एकेक विचारत गेला. शाळेचा दाखला? त्यात नुसती कुसा. लग्नाची नोंद? तेव्हा कोण करत होतं. लग्नाचा फोटो? सासऱ्यांनी बँडवाला आणला, फोटोवाला नाही. आवाज मोठा झाला पाहिजे, एवढंच त्यांना कळायचं.

"मग लग्नाला हजर असलेलं, नाव ठेवताना डोळ्यांनी पाहिलेलं माणूस लागेल," शेखर म्हणाला. "ते प्रतिज्ञापत्र करून देतील की कुसा तीच सिंधू. ते मृत्युपत्राला जोडू. राजपत्रातही नाव छापून घेऊ. आहे का असं कुणी?"

मी बोटांवर मोजायला लागले. आई गेली, वडील गेले, सासू-सासरे गेले, धोंडीराम गेला, भटजी तर तेव्हाच म्हातारा होता.

सृष्टी हळूच म्हणाली, "भिमाआत्या आहेत ना."

मी म्हटलं, "चल, घरी दूध उतू जात असेल." दूध तापवलंच नव्हतं.

भिमाबाई माझी नणंद, धोंडीरामची धाकटी बहीण, हरसूलला दिलेली. लग्नात ते तांदळाचं ताट तिच्याच हातात होतं. आणि गेली अठरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. सासरे वारले तेव्हा गावाकडं त्यांची दोन एकर जमीन होती. रविराजला इंजिनियरिंगला घालायचं होतं. बहिणी हक्कसोड करतात, सही करून आपला हिस्सा भावाला देतात आणि साडी नेसून जातात, सगळीकडं तसंच चालतं. मी भिमाबाईला नाशिकला बोलावलं. म्हटलं, चल, चहा पिऊ, येताना एक सही करू. तिनं केली. मी तिला हिरवी साडी नेसवली. दोन महिन्यांनी जमीन विकली गेली तेव्हा तिला कळलं आपण कशावर सही केली. तिनं ती साडी एसटीच्या कंडक्टरबरोबर परत पाठवली. मीही म्हटलं, बरं झालं, मला ती पहिल्यापासून आवडली होती.

हे मी आज सांगते आहे तेवढ्या सरळपणे तेव्हा मला दिसत नव्हतं. तेव्हा मी म्हणायचे, भिमा हट्टी आहे.

चार दिवस मी घरात भांडी आपटली. पाचव्या दिवशी सृष्टी म्हणाली, "आई, राहू द्या. मला नको घर. मी कुठंही गिरणीत कामाला लागेन."

"तोंड बंद कर," मी म्हटलं, "आणि उद्याची हरसूलची गाडी किती वाजता आहे ते बघ."

हरसूलला पोचलो तर बाजाराचा दिवस. भिमाबाई घरी कशाला असेल? ती बाजारात, डोक्यावर पदर, समोर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं, हातात माप. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण माझ्यापेक्षा ताठ बसलेली. ते मला पहिल्यांदा दिसलं आणि आवडलं नाही.

मी पोत्यासमोर उभी राहिले. तिनं वर बघितलं. माझ्याकडं, मग सृष्टीकडं, मग परत नागलीकडं.

"किती देऊ?" ती म्हणाली.

"भिमाबाई, मी सिंधू."

"वळखलं. म्हणून तर विचारते, किती देऊ? फुकट नाय मिळायचं."

शेजारच्या मिरच्यावालीनं मान वळवली. सृष्टीनं वाकून नमस्कार केला, तशी भिमाबाई जरा सरकली आणि तिला पोत्याशेजारी जागा दिली. मला दिली नाही. मी आपली पिशवी टाकून तिच्यावर बसले.

चहा आला. मी सगळं सांगितलं, रविराजची टेप, शेखरचं म्हणणं, कुसा आणि सिंधू. ती मधूनमधून माप भरत होती, गिऱ्हाइकाशी बोलत होती, पण कान माझ्याकडं होता. शेवटी म्हणाली, "म्हणजे तू तीच हाय, हे मी सांगायचं."

"हो."

"आन् मी सांगितलं नाय तर तू कुणीच नाय."

"तसंच समज," मी म्हटलं.

भिमाबाईनं चहा संपवला. "नाव मीच सुचवलं व्हतं, ठाऊक हाय का तुला? दादा म्हणत व्हता, कुसाच राहू दे, चांगलं हाय की. मी म्हणले, कुसा काय, म्हशीचं नाव वाटतं. सिंधू लिही. मी सोळा वर्षांची. माझ्या वर्गात एक सिंधू व्हती, लय गोरी."

पन्नास वर्षं मी समजत होते की ते नाव नवऱ्यानं माझ्यासाठी रात्रभर विचार करून काढलं. सृष्टी पदरात तोंड घालून हसत होती. तिला मी नंतर बघून घेतलं.

"कागद वाच गं पोरी," भिमाबाई म्हणाली. "वाचल्याबिगर मी आता कशावर सही करत नाय."

सृष्टीनं शेखरकडून आणलेला मृत्युपत्राचा कच्चा कागद वाचला. घर आणि गिरणी सृष्टीला, तिच्यामागं आरोहीला. रविराजला त्याच्या शिक्षणाला आणि हैदराबादच्या फ्लॅटला आधीच दिलेलं आहे, म्हणून घरात काही नाही. रेणुकाला दर वर्षी साडी आणि चोळी.

"थांब," भिमाबाई म्हणाली. "रेणुकेला काय?"

"साडी-चोळी. ती मनमाडला सुखात आहे, नवरा रेल्वेत आहे. ती सोडेल हसत."

"तिला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? माझी पोर आहे."

भिमाबाईनं माप पोत्यात ठेवलं आणि हात झटकले. "फोन लाव."

"कशाला?"

"लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा लाव."

सृष्टीनं फोन लावला आणि नागलीच्या पोत्यावर ठेवला. रेणुकानं उचलला, मागं इंजिनाची शिट्टी वाजत होती. मी सांगितलं, असं असं करते आहे, तुझं काय म्हणणं.

"आई, तू मला विचारतेयस?" रेणुका म्हणाली.

"आत्या बसलीय समोर, तिनं विचारायला लावलं."

"तरीच." मग ती म्हणाली, "घर वहिनीलाच दे. तिनं कमावलंय ते. पण आई, तुझ्यामागं मी सातपूरला कुणाच्या घरी यायचं? रविराजशी तिचं नातं तुटलं, म्हणजे माझं तरी काय उरलं? दिवाळीला पिशवी घेऊन दारात उभी राहिले आणि तिला वाटलं ही कोण, तर? मला हिस्सा नको. मला वरची रस्त्याकडची खोली हवी. माझ्या किल्लीची. मी आहे तोवर."

माझी पोर पंचेचाळीस वर्षांची. मला वाटत होतं तिच्या मनातलं सगळं मला माहीत आहे. मी तोंड उघडलं, तोवर सृष्टीच फोनकडं वाकून बोलली, "ताई, दोन किल्ल्या करते. आणि मला वाटलं ही कोण, असं पुन्हा बोललात तर दळण ओलं देईन."

रेणुका हसली की रडली ते त्या शिट्टीत कळलं नाही. मिरच्यावाली मात्र सरळ डोळे पुसत होती. मिरच्यांमुळे असेल.

फोन ठेवला. मी म्हटलं, "झालं? आता चल, दुपारची गाडी गाठू."

"अजून नाय," भिमाबाई म्हणाली. "आता मला विचार."

"तुला काय विचारू?"

"तवा विचारायचं राहिलं ते."

आजूबाजूला बाजार चालू होता, कुणी कोंबडी घेऊन चाललं होतं, कुणी दोरखंड. मला वाटलं उठावं आणि निघून जावं. साठ-सत्तर वर्षं मी कुणापुढं मान खाली घातली नाही, सासूपुढंसुद्धा नाही. पण शेजारी सृष्टी बसली होती आणि तिनं कागदाची घडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, वाऱ्यानं उडेल म्हणून. वारा नव्हता.

मी पिशवीवरून उठले, पोत्याच्या कडेला तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "भिमाबाई, तुझ्या बापाच्या जमिनीतला तुझा हिस्सा आहे. माझ्या पोराला शिकवायचं आहे. सोडशील का?"

तिनं विचार केला. खरंच केला, आभाळाकडं बघून. एका गिऱ्हाइकाला हातानं थांबवलं.

"नाय," ती म्हणाली.

मिरच्यावाली फस्सकन हसली. मग सृष्टी. मी तेवढी ओठ दाबून बसले होते, पण भिमाबाईचंच तोंड आधी फुटलं आणि मग मलाही आवरेना. दोन म्हाताऱ्या नागलीच्या पोत्यावर हात टेकून हसतायत, लोक वळून बघतायत.

"जमीन तर विकून खाल्ली आम्ही," मी म्हटलं.

"खाल्ली तर खाल्ली. पण मी नाय म्हणले, हे ध्यानात ठेव." तिनं पोत्याचं तोंड बांधलं, माप मिरच्यावालीकडं दिलं आणि उठली. "चल. कुठं सांगायचं, तू कोण ते?"

ती आमच्याकडं चार दिवस राहिली. शेखरनं तिचं प्रतिज्ञापत्र तयार केलं, सृष्टीनं तिला ते दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा तिनं शेखरला वाचायला लावलं. त्यात तिनं एक वाक्य घालायला सांगितलं की नाव तिनं सुचवलं. शेखर म्हणाला, आत्या, याची गरज नाही. ती म्हणाली, तुला नसंल. ते वाक्य कागदात आहे.

मृत्युपत्रही बदललं. वरची रस्त्याकडची खोली रेणुकाची, ती आहे तोवर, तिच्या किल्लीनं. रविराजला मी फोन करून स्वतः सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. घर माझं आहे. तो पाच मिनिटं इंग्रजीत बोलला, मग मराठीत आला. म्हणाला, "मग आरोहीला मिळणार शेवटी?"

"मिळणार."

"मग ठीक आहे," म्हणाला. ठीक नव्हतं, पण म्हणाला. पुढच्या महिन्यात येतोय. टेप आणू नको म्हटलंय.

नोंदणीच्या कार्यालयात साहेबांनी मला एकटीलाच समोर बसवलं आणि विचारलं, "आजी, हे तुम्ही कुणाच्या दबावाखाली करताय का?"

"माझ्यावर दबाव?" मी म्हटलं. "बाहेर माझी नणंद बसलीय, तिला विचारून या."

मशीनवर अंगठा उमटेना. पन्नास वर्षं धान्यात हात घालून रेघा उरल्यातच कुठं. चौथ्या बोटाला जमलं. मग सही. सिंधुबाई धोंडीराम आहेर उर्फ कुसा सहादू गांगुर्डे, एवढं लांबलचक लिहिताना मला घाम फुटला. साहेब घड्याळाकडं बघत होते, मी मुद्दाम सावकाश लिहिलं.

मृत्युपत्रात सृष्टीचं नाव जिथं होतं, तिथं शेखरनं आधी 'पूर्वाश्रमीची सून' असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. नुसतं सून लिही म्हटलं. तो म्हणाला, कायद्यानं बरोबर नाही. मग बराच वेळ डोकं चालवून त्यानं लिहिलं, 'माझ्यासोबत राहणारी व गिरणी चालवणारी'. हे मला सुनेपेक्षा जास्त आवडलं, पण त्याला सांगितलं नाही.

भिमाबाईला हरसूलच्या गाडीत बसवून आम्ही घरी आलो. सृष्टी थँक्यू वगैरे म्हणाली असती तर मीच चिडले असते. तिनं गिरणीचं शटर वर केलं, साठलेले डबे बघितले, हात कमरेवर ठेवले.

"आई, उद्यापासून गिरणी आठला उघडायची."

"सहाला उघडते. गिरणी सुरू झाल्यापासून सहाला."

"सहाला तीन डबे येतात, आणि तुमचे गुडघे दिवसभर बोलतात. आठ."

"अगं, अजून मी जिवंत आहे," मी म्हटलं. "कागद माझ्यामागं लागू होतो."

"माहीत आहे, मीच वाचलाय," ती म्हणाली आणि पट्टा चढवायला वाकली. "हात धुवा आणि जेवायला बसा. बाजरी दळून येते."

मी लय बोलले तिला, पण चक्की सुरू झाली होती, तिला काही ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं सहाला उठले, खाली गेले तर शटरला कुलूप, आणि किल्ली तिच्या खोलीत. मग काय, चहा केला आणि पायरीवर बसून प्यायले.